एक्सपीवर आवाज येत नाही, तातडीने मदत हवी आहे

कृष्णाकाठ
नमस्कार. घरातला जुना पीसी मागच्या आठवड्यात फॉरमॅट करून परत विंडोज एक्सपी टाकून घेतला. तेव्हापासून आवाज अजिबात नाही. स्पीकर चांगले आहेत, मोबाइलला लावून बघितले. मदरबोर्डची सीडी सापडत नाही. नेटवरून आवाजाचा ड्रायव्हर उतरवला, तोही चालत नाही. दोन रात्री यातच गेल्या. शनिवारच्या आत चालू व्हायलाच पाहिजे. नेमकं माहीत असेल त्यांनीच सांगा. नवीन घ्या असं कृपया कुणी सांगू नका.

खटपट्या
चालत नाही म्हणजे काय होतं? इन्स्टॉलच होत नाही, की होऊनही आवाज नाही? सर्व्हिस पॅक कितवा? डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं प्रश्नचिन्ह कशावर आहे?

पेंग्विनप्रेमी
एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपला. त्याच्यामागे रात्री जागवण्यापेक्षा विंडोजऐवजी हलकं लिनक्स टाका. माझ्याकडच्या तितक्याच जुन्या मशीनवर पेनड्राइव्हवरून सुरू केलं आणि आवाज लगेच आला, एकही ड्रायव्हर शोधावा लागला नाही.

मनीप्लांट
सर्व्हिसेस डॉट एमएससी उघडा आणि 'विंडोज ऑडिओ' स्टार्ट करा, ऑटोमॅटिकवर ठेवा. माझ्या ऑफिसात दोन पीसींना हाच प्रॉब्लेम होता.

कृष्णाकाठ
लिनक्स नको, आता नवीन शिकायला वेळ नाही. सर्व्हिस चालूच आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये 'नो ऑडिओ डिव्हाइस' दिसतं, खालचं सगळं पुसट. रिअलटेकचा ड्रायव्हर टाकताना पट्टी शेवटपर्यंत जाते आणि 'फेल्युअर' अशी चौकट येते. तीनदा केलं. सर्व्हिस पॅक 3 आहे.

दत्तू_सांगली
ते सगळे ड्रायव्हर एकदम टाकणारं सॉफ्टवेअर मिळतं ना, ते वापरा. एका क्लिकमध्ये काम.

खटपट्या
दत्तू, नको रे. त्याच्यासोबत नको ती चार सॉफ्टवेअरं येतात, आणि बरोबर चाललेला ग्राफिक्सचा ड्रायव्हरसुद्धा ती बदलतात. नुसता आवाज गेलाय, तेवढंच बघू.
कृष्णाकाठ, प्रश्नचिन्हापुढे जे नाव आहे ते जसंच्या तसं लिहा. त्यावरच सगळं ठरतं. 'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर' असेल तर बोर्ड एसी 97 चा, म्हणजे आवाजाच्या जुन्या पद्धतीचा, त्याचा ड्रायव्हर वेगळा. नुसतं 'पीसीआय डिव्हाइस' असेल तर एचडी ऑडिओ, म्हणजे त्यानंतरची पद्धत, आणि मग तुमचा ड्रायव्हर का पडतोय ते कळेल. त्यावर डबल क्लिक करून 'डिटेल्स'मध्ये व्हेन (कंपनी) आणि डेव्ह (डिव्हाइस) यांच्यापुढचे आकडेही द्या.

रेवती_ठाणे
थोडं वेगळं विचारते. लॅपटॉपला एचडीएमआयने टीव्ही जोडला की लॅपटॉपचा आवाजच जातो. हाच प्रॉब्लेम का?

मनीप्लांट
नाही रेवतीताई, तुमचा आवाज टीव्हीकडे जातोय. स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करून आवाजाच्या सेटिंगमध्ये लॅपटॉपचे स्पीकर निवडा.

कृष्णाकाठ
'पीसीआय डिव्हाइस'च आहे. व्हेन 8086, डेव्ह 27डी8. आता पुढे?

खटपट्या
सापडलं. 8086 म्हणजे इंटेल, 27डी8 म्हणजे आयसीएच 7 चिपमधला एचडी ऑडिओ कंट्रोलर. एक्सपी आलं 2001 मध्ये, इंटेलने एचडी ऑडिओ आणलं 2004 मध्ये. त्यामुळे एक्सपीला तो कंट्रोलर मुळात ओळखताच येत नाही. रिअलटेकची चिप या कंट्रोलरच्या पलीकडे बसलेली असते. मधला रस्ताच नाही, म्हणून रिअलटेकचा ड्रायव्हर तिथवर पोचत नाही. आधी तो रस्ता करणारा मायक्रोसॉफ्टचा यूएए बस ड्रायव्हर लागतो, त्याचा नंबर केबी 888111.
तो रिअलटेकच्या फोल्डरमध्येच असतो. ड्रायव्हरची फाइल सेव्हन-झिप सॉफ्टवेअरने उलगडा, आत 'एमएसएचडीक्यूएफई' फोल्डर दिसेल, त्यात खोलवर केबी 888111 ची ईएक्सई आहे. ती थेट चालवू नका. ती सर्व्हिस पॅक 2 च्या वेळची आहे, तुमच्याकडे 3 आहे म्हणून ती नकार देते. तुमचं घोडं इथेच अडलंय. ती ईएक्सईसुद्धा सेव्हन-झिपने उलगडा. मग 'पीसीआय डिव्हाइस'वर राइट क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर', नेटवर शोधायला 'नॉट धिस टाइम', 'स्पेसिफिक लोकेशन', आणि एचडीऑडबस नावाची आयएनएफ फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तो दाखवा. झालं की रीस्टार्ट. मग नवीन प्रश्नचिन्ह येईल, 'ऑडिओ डिव्हाइस ऑन हाय डेफिनिशन ऑडिओ बस'. ते आलं की घाबरू नका, तेच हवंय. त्यानंतर रिअलटेकचा सेटअप.

पेंग्विनप्रेमी
एवढा खटाटोप करण्यापेक्षा शंभर-दोनशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड लावलं तरी आवाज येईल की. शिवाय शनिवारी नेमकं काय आहे? गाणी ऐकायची असतील तर मोबाइल आहेच.

कृष्णाकाठ
गाणी ऐकायची नाहीत. वडील आमच्या गल्लीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. त्यांच्या तीन कॅसेट आहेत, साठ मिनिटांच्या. शनिवारी वर्षश्राद्ध आहे, मंडळातले सगळे जण येणार, तेव्हा त्यांना ऐकवायचंय. टेपडेकची वायर पीसीत लावून रेकॉर्ड करायचं आहे. लॅपटॉपला एकच भोक आहे, हेडफोन-माइकचं. म्हणून हा पीसी.

खटपट्या
हे आधी लिहायला हवं होतं, बस ड्रायव्हरसोबत पुढचंही सांगितलं असतं. पेंग्विनप्रेमी, म्हणूनच यूएसबी कार्ड नको. स्वस्तातल्या कार्डांना नुसतं माइक इनपुट असतं, तेही मोनो. डेकचा सिग्नल त्यात फाटतो. या पीसीला मागे निळं लाइन-इन, म्हणजे डेकचा आवाज आत घेणारं भोक, आहे, कॅसेटसाठी तेच योग्य.

पेंग्विनप्रेमी
लाइन-इन हवंय हे माहीत नव्हतं, यूएसबी कार्डाचं मागे घेतो. पण लिनक्सलासुद्धा हेच निळं भोक दिसतं, तेही हार्ड डिस्कला हात न लावता. शुक्रवार रात्रीपर्यंत एक्सपी हटून बसलं तर तेवढा उपाय हाताशी ठेवा.

आशाताई_कराड
कृष्णाकाठ, कॅसेट किती वर्षं चालवलेली नाही? बरीच वर्षं झाली असतील तर रेकॉर्ड करण्याआधी एकदा शेवटपर्यंत फॉरवर्ड करा आणि परत रिवाइंड करा. फीत एकमेकीला चिकटलेली असते, ती मोकळी होते. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर मात्र डेकमध्ये घालूच नका. डेकचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा, रबरी रोलरही. आईच्या ओव्यांची एक कॅसेट मी न पुसता लावली होती, फीत रोलरमध्ये गुंडाळली गेली. तेवढा तुकडा कायमचा गेला.

कृष्णाकाठ
खटपट्या साहेब, आवाज आला! सिस्टिम डिव्हाइसेसमध्ये यूएए बस ड्रायव्हर दिसला, दुसरं प्रश्नचिन्ह आलं, रिअलटेक पहिल्या फटक्यात बसला. विंडोज सुरू होतानाची ट्यून ऐकली तेव्हा बायको स्वयंपाकघरातून धावत आली. आशाताई, हेड पुसलं, काडी तपकिरी झाली. पण डेक लावला तर स्पीकरवर ऐकू येतंय आणि रेकॉर्डिंगमध्ये सपाट रेघ. आज गुरुवार आहे.

मनीप्लांट
खाली कोपऱ्यातल्या स्पीकरवर डबल क्लिक, 'ऑप्शन्स', 'प्रॉपर्टीज', तिथे 'रेकॉर्डिंग'. मग 'लाइन इन'खाली टिक करा. तुमच्याकडे माइकवर टिक असणार.

खटपट्या
बरोबर. 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, स्टिरिओ, वेव्ह फाइल. एका बाजूला अर्धा तास म्हणजे साधारण 300 एमबी. सी ड्राइव्हवर तेवढी जागा बघून घ्या. आवाजाची रेघ वरच्या टोकाला आपटू देऊ नका.

कृष्णाकाठ
माइकवरच टिक होती. पहिल्या कॅसेटची एक बाजू आत्ता उतरली. सुरुवातीला जवळजवळ दोन मिनिटं गाणं नाहीच. वडील पखवाजाला कणीक लावतायत, थापटतायत, बघतायत, परत थोडी काढतायत. ते बोट पुसल्याचाही आवाज आहे. कापायचं होतं, नाही कापलं.
दुसरी कॅसेट मात्र दबकी वाटते, टाळ ऐकूच येत नाहीत. डेक तोच आहे.

आशाताई_कराड
ती दुसऱ्या टेपवर रेकॉर्ड केलेली असेल, हेडचा कोन जुळत नाही. प्ले चालू असताना हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू दिसेल, स्प्रिंग असलेला. आधी तो कुठे आहे त्याची पेनने खूण करा. मग पाव आट्याहूनही कमी, हळूहळू फिरवा, टाळ उघडे होतील तिथे थांबा. स्क्रूड्रायव्हर चुंबक नसलेला घ्या. काम झालं की खुणेवर परत आणा, नाहीतर तिसरी बिघडेल.

कृष्णाकाठ
खूण केली. फिरवतोय.