रेल्स: बिल सेव्ह व्हायच्या आधी त्याच्या ओळी कशा तयार करू?

मानपाडा_विंग_बी
ठाण्यातल्या आमच्या सोसायटीसाठी मेंटेनन्स बिलांचं अ‍ॅप करतोय, रेल्स 7 वर (रुबी भाषेतलं वेब अ‍ॅप बनवायचं फ्रेमवर्क). एका बिलाखाली बऱ्याच ओळी: सिंकिंग फंड, पाणी, फ्लॅट भाड्याने असेल तर नॉन-ऑक्युपन्सी. ही शेवटची सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर नेता येत नाही, म्हणून ओळीवर व्हॅलिडेशन (सेव्ह करण्याआधीची तपासणी) आहे. न सेव्ह केलेल्या बिलावर ओळी 'क्रिएट' केल्या (म्हणजे बनवून लगेच सेव्ह) की एरर, आधी पॅरेंट, म्हणजे बिल, सेव्ह करा म्हणे. बिल आधी सेव्ह केलं आणि एखादी ओळ अडकली तर अर्धवट बिल टेबलात राहतं, आणि आमचे सेक्रेटरी काका तेच छापून वाटतील. 'बिल्ड' केलं (नुसतं बनवलं, सेव्ह नाही) तर सेव्ह करताना ओळ म्हणते 'बिल मस्ट एक्झिस्ट', म्हणजे बिल असायलाच हवं. बिल समोर बसलंय की! टेबल जुनं आहे, ओळ कुठल्या बिलाची ते सांगणाऱ्या कॉलमचं (फॉरेन की) नाव 'पावती_आयडी'.

कोपरखैरणे_डेव्ह
ओळीतल्या बिलॉन्ग्स टू ला ('ही ओळ अमुक बिलाची' हे नातं) 'ऑप्शनल ट्रू' लाव, म्हणजे बिल नसलं तरी चालेल, विषय संपला.

ट्रान्सहार्बर
विषय संपत नाही, उद्या बिन-बिलाच्या ओळी सापडतील. रेल्स 5 पासून नव्या अ‍ॅपमध्ये बिलॉन्ग्स टू सक्तीचं असतं, ते असू दे.
'बिल्ड'च बरोबर आहे. ओळ फक्त मेमरीत तयार होते, मग बिल सेव्ह केलंस की बिल आणि ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं किंवा काहीच नाही) जातात. एक ओळ चुकली तर काहीच जात नाही, काका सुरक्षित. तुझी गोची 'पावती_आयडी'ने केलीय. नेहमीची नावं असली की रेल्स उलटं नातं, म्हणजे ओळीकडून बिलाकडे जाणारं, स्वतः ओळखतं. फॉरेन की हाताने दिलीस की ते ओळखणं सोडून देतं. मग ओळीकडून बिल विचारलं की निल (काहीच नाही), कारण बिलाला अजून आयडीच नाही. बिलातल्या हॅज मेनी वर ('बिलाच्या अनेक ओळी' हे नातं) 'इन्व्हर्स ऑफ बिल' लिही, म्हणजे उलटं नातं हाताने सांगितलंस. बिलॉन्ग्स टू वरही लिहून ठेव.

मानपाडा_विंग_बी
चाललं, आभार! आता फ्लॅटला एकच पार्किंग, म्हणजे हॅज वन (एकाला एकच नोंद). एडिट फॉर्म उघडताना 'बिल्ड_पार्किंग' करू ना?

ट्रान्सहार्बर
अजिबात नको! हॅज वन चं बिल्ड नवं तयार करताना जुनं पार्किंग फ्लॅटपासून तिथल्या तिथे तोडतं, सेव्हची वाट बघत नाही. 'डिपेंडंट डिस्ट्रॉय' (नातं तुटलं की नोंदही काढा) असेल तर नुसता फॉर्म उघडला की जुनी नोंद डिलीट. मला हे डिझाइन कधीच पटलेलं नाही. आधी फ्लॅटला पार्किंग आहे का बघ, नसेल तरच बिल्ड.