एरिया स्टडीजमध्ये एमए करावं का?

प्रश्नकर्ती: बीए इतिहास झालंय, आता एखाद्या प्रदेशाचा अभ्यास करायचाय, आफ्रिका किंवा दक्षिण आशिया. घरचे म्हणतात बीएड कर नि मोकळी हो. कुणी केलंय का असं?

कलिनाकर: आफ्रिका हवं तर लांब कशाला जाताय, मुंबई विद्यापीठात १९७१ पासून आफ्रिकन स्टडीजचं सेंटर आहे, कलिनाला जाऊन आधी तिथल्या लोकांशी बोला. आणि नुसतं इंग्रजीतून वाचून भागणार नाही, स्वाहिली नाहीतर फ्रेंच आत्ताच सुरू करा. भाषा नसेल तर मग राज्यशास्त्रातच एमए केलेलं काय वाईट.

बर्फातला_पुणेकर: मी दक्षिण आशिया केलं, जर्मनीत हायडेलबर्गला. तिथली साउथ एशिया इन्स्टिट्यूट १९६२ची, आणि गंमत बघा, खंडोबा नि धनगरांवर आयुष्यभर काम केलेले सोन्थायमर तिथलेच प्राध्यापक, जेजुरी मला खरी कळली ती तिथे 😅 फुकट मात्र समजू नका हां, त्या राज्यात युरोपबाहेरच्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १५०० युरो फी आहे, राहण्याखाण्याचं वेगळंच. नोकरी? मला दीड वर्ष लागलं.

प्रश्नकर्ती: दीड वर्ष!! हे आईला दाखवत नाही. सोमवारी कलिनाला जाऊन येते.