पोराला काढून काय होणार, वडाप (पोरं भरून नेणारी शेअरिंगची जीप) बघा आधी
टीबी निघालेल्या पोराला शाळेतून काढलं की विषय संपला असं काहीजण म्हणतात, नाही पटत. बारक्या पोरांना सहसा मोठ्या माणसाकडनंच लागलेला असतो, तो हुडका की आधी. आमच्या खानापूर साइडला तीन पोरं निघाली, वर्ग वेगळे, गल्ल्या वेगळ्या, शेवटी आशाताईंनी विचारलं येता कशातनं, तर एकच वडाप, पावसाळाभर ताडपत्री खाली सोडलेली, आत वारा नाही, आणि डायव्हर दोन महिने खोकतोय, म्हणे तंबाखूचा खोकला!

त्या वडापमधल्या बाकी पोरांची टीबीची कातडीवरची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर आया रडायला लागल्या, पण म्हणजे जंतू शिरलाय, आजार झालाय असं नव्हे, तपासणी आणि एक्सरे क्लिअर असला तर पुढं आजार होऊ नये म्हणून आठवड्यातनं एकदा अशा 12 आठवडे गोळ्या असतात. आणि टीबीच्या पोराचा डबा कसला वेगळा ठेवताय, हवेतनं पसरतो तो.