अल्सरमधून रक्तस्राव झाल्यापासून बाबा अ‍ॅस्पिरिन घ्यायला तयार नाहीत

पर्वती_पायथा:
बाबा ७१ वर्षांचे. ३ वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (जाळी) बसवला, तेव्हापासून रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज अ‍ॅस्पिरिन ७५. रोज सकाळी पर्वती चढायची हा त्यांचा नेम. गुडघे दुखायला लागले तसे कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी आणून परस्पर घेऊ लागले. घरात कुणालाच पत्ता नाही. नंतर ती स्ट्रिप चष्म्याच्या घरात सापडली, दोनच गोळ्या उरलेल्या.

शी काळी होतेय हे त्यांनी ३ दिवस सांगितलं नाही. चौथ्या दिवशी पहाटे बाथरूममधून धप्पकन आवाज आला. अंगाला दरदरून घाम, ओठ पांढरेफटक. कमोडमध्ये डांबरासारखं काळंकुट्ट, चिकट. तो उग्र वास अजून नाकातून जात नाही. १०८ला फोन केला. हिमोग्लोबिन ६.४ निघालं. २ पिशव्या रक्त दिलं आणि त्याच दिवशी एंडोस्कोपी केली. ड्युओडेनममधल्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या) अल्सरमधून रक्त येत होतं. तिथेच अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन देऊन क्लिप लावली, मग ७२ तास पँटोप्राझोलची (पोटातलं आम्ल कमी करणारं औषध) ड्रिप.

घरी येऊन ४ दिवस झाले. डिस्चार्जच्या कागदावर अ‍ॅस्पिरिन सुरू करायला सांगितलंय. बाबा म्हणतात, "जिच्यामुळे रक्त गेलं ती गोळी मी पुन्हा तोंडात घालणार नाही." खरं सांगायचं तर माझीही हिंमत होत नाही. काय करावं? अल्सर करणाऱ्या एच. पायलोरी जंतूची तपासणी निगेटिव्ह आलीय, म्हणजे ती काळजी तरी मिटली ना?

निवृत्त_सिस्टर:
ताई, मी एंडोस्कोपीच्या खोलीत बरीच वर्षं काढली आहेत. स्टेंटवाल्या माणसाची अ‍ॅस्पिरिन फार दिवस बंद ठेवत नाहीत. रक्त थांबलं की बहुतेकदा ३ दिवसांच्या आत परत सुरू करतात, कारण अल्सर सांभाळता सांभाळता हार्ट अटॅक यायला नको. तुमचे दिवस आधीच जास्त झालेत. आजच हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावा आणि बाबांना स्वतः बोलू द्या. तुमचं ऐकणार नाहीत, त्यांचं ऐकतील. पँटोप्राझोल मात्र एक दिवसही चुकवायची नाही, सकाळी नाश्त्याआधी अर्धा तास.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, सगळं घराबाहेर काढा. अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला डायक्लोफेनॅक म्हणजे पोटावर दुहेरी मार. गुडघ्यासाठी डॉक्टरांना विचारून पॅरासिटामोल.

आणि एच. पायलोरीचं निगेटिव्ह धरून बसू नका. रक्तस्राव चालू असताना किंवा पँटोप्राझोल पोटात असताना जंतू असूनही तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, मी कितीदा पाहिलंय. पुन्हा करावी लागते. श्वासाच्या तपासणीआधी साधारण २ आठवडे पँटोप्राझोल थांबवतात, पण बाबांच्या बाबतीत ते डॉक्टरांनीच ठरवायचं, तुम्ही परस्पर नाही. जंतू निघाला तर १४ दिवसांचा कोर्स, आणि तो गेला की नाही याची परत तपासणी.

कोथरूडकर:
माझ्या आईला झालं होतं, पण तिचा अल्सर जठरात होता. त्यामुळे ८ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालून तुकडा तपासला, कॅन्सर नाही ना बघायला. ड्युओडेनमच्या अल्सरला सहसा ते लागत नाही. एक सांगतो, थंड दुधानं अल्सर बरा होतो म्हणून शेजारपाजारचे सांगतील, त्यावर विसंबू नका. आणि लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर शी काळपट होतेच. आम्ही त्या रंगाला घाबरून रात्री दोनला कॅज्युअल्टी गाठली होती. डांबरासारखी चिकट आणि तसाच वास, किंवा चक्कर, रक्ताची उलटी असेल तर मात्र क्षणभर थांबू नका.

पर्वती_पायथा:
सिस्टर, फोन लावला. डॉक्टर बाबांशी १० मिनिटं बोलले. "तुमचा स्टेंट बंद पडला तर पर्वती कोण चढणार?" एवढं विचारल्यावर बाबा गप्प झाले. आज जेवणानंतर माझ्यासमोर अ‍ॅस्पिरिन घेतली. हात थरथरत होता, पण घेतली. चष्म्याच्या घरातली स्ट्रिप त्यांनीच आणून माझ्या हातात दिली. तपासणीचं पुढच्या गुरुवारी पोटाच्या डॉक्टरांना विचारते.