मदत हवी आहे: बारावीचं कॅल्क्युलस येतं, पण एप्सिलॉन-डेल्टापाशी अडलोय

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. बारावीला डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन सगळं झालंय, गणितं पटापट सुटतात. आता तेच विषय पुन्हा आलेत, पण सूत्र लावून उत्तर काढलेलं चालत नाही, सिद्ध करावं लागतं.

एक्स २ कडे जाताना एक्सच्या वर्गाची लिमिट ४ येते, हे एप्सिलॉन-डेल्टाने, म्हणजे लिमिटच्या काटेकोर व्याख्येने दाखवायचंय (एप्सिलॉन म्हणजे ४ पासून किती फरक चालेल, डेल्टा म्हणजे त्यासाठी एक्स २ च्या किती जवळ हवा). एक्सचा वर्ग आणि ४ यांच्या फरकाचे अवयव एक्स उणे २ आणि एक्स अधिक २, इथपर्यंत ठीक. मग डेल्टा १ पेक्षा मोठा घ्यायचा नाही, म्हणजे एक्स अधिक २ हे ५ च्या आत राहतं. आणि शेवटी डेल्टा म्हणजे १ आणि एप्सिलॉन भागिले ५ यांतला लहान आकडा. ५ कुठून आला ते कळलं. पण १ च का? अर्धा घेतला तर ५ च्या जागी साडेचार येईल, तेही चालेल ना? आणि एक्सच्या घनाला हा आकडा कसा ठरवायचा? पाठ करायचं नाहीये, मनापासून समजून घ्यायचंय.

दुसरं म्हणजे, डेरिव्हेटिव्हचे नियम येतात म्हणून तो भाग सोडून थेट रोलच्या प्रमेयाकडे (दोन टोकांना किंमत सारखी असेल तर मध्ये कुठेतरी डेरिव्हेटिव्ह शून्य येतं, ते) जाऊ का?

सात रस्ता, जुळे सोलापूर भागात संध्याकाळी कुणी मराठीतून समजावणारे सर किंवा मॅडम असतील तर कृपया सांगा.