कोबोल या प्रोग्रामिंग भाषेतल्या न्यूमेरिक (आकड्यांच्या) फील्डमध्ये अक्षर असूनही बेरीज होते, ती कशी?

संत्रा_बॅच (नागपूर): इथल्या एका आडतीची संत्र्याच्या वजनाची फिक्स्ड-लेंथ फाइल मेनफ्रेमवर वाचतोय. वजन पिक एस९(५), डिस्प्ले, म्हणजे चिन्हासह पाच अंक, प्रत्येक अंक एका बाइटमध्ये. एका ओळीत ४०२ मधल्या शून्याच्या जागी कॅपिटल ‘ओ’ टाइप झालाय. प्रोग्राम थांबला नाही, एकूण वजन ६० किलोंनी वाढलं. कोऱ्या वजनाच्या ओळीवर मात्र एस०सी७, म्हणजे चुकीच्या डेटामुळे प्रोग्राम बंद. फील्ड तेच, मग असं का?

झोन_निबल: भाऊ, पिक ९ लिहिलं म्हणून आत आकडेच येतील असं नाही. रीड आणि ग्रुप मूव्ह बाइट जसेच्या तसे टाकतात. बेरजेआधी पॅक होताना (एका बाइटमध्ये दोन अंक बसवताना) प्रत्येक बाइटचा उजवा निबल, म्हणजे अर्धा बाइट, तेवढा उचलला जातो. एबसिडिकमध्ये, म्हणजे मेनफ्रेमच्या अक्षर-कोडमध्ये, ‘ओ’ म्हणजे हेक्स डी६. त्यातला ६ राहिला, झाले ४६२. स्पेस म्हणजे ४०, तिचा ० होतो, म्हणून डावीकडच्या स्पेस खपून जातात. शेवटच्या बाइटचा डावा निबल मात्र चिन्ह ठरतो. कोऱ्या ओळीत तिथे ४ आला. चिन्ह म्हणून ए ते एफच चालतात, म्हणून डेटा एक्सेप्शन. ‘एस’ नसता तर कंपायलर बहुधा चिन्ह स्वतःच एफ करून टाकतो आणि कोरं वजन गुपचूप शून्य धरलं जातं. ॲबेंडपेक्षा, म्हणजे प्रोग्राम मध्येच बंद पडण्यापेक्षा, ते घातक.

संत्रा_बॅच: मग बेरजेआधी इफ न्यूमेरिक (फील्डमध्ये आकडेच आहेत का ही तपासणी) लावलं की झालं?

झोन_निबल: थेट या फील्डवर नको. शेवटी ‘जे’ आला तर तो डी१, म्हणजे उणे १. टेस्ट पास होते. वजनावर पिक एक्स(५)चं रिडिफाइन्स घ्या, म्हणजे तेच बाइट साधा मजकूर म्हणून वाचता येतील. आधी ते स्पेसेस आहे का बघा, असेल तर ओळ रिजेक्ट फाइलमध्ये. नंतर इन्स्पेक्ट रिप्लेसिंग लीडिंग स्पेस बाय झिरो, आणि मग इफ न्यूमेरिक. क्रम उलटा केला तर कोरी ओळ ००००० होऊन निसटते. दशांश चिन्ह येणार असेल तर नमव्हॅल (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) वापरा, पण त्याआधी मजकूर तपासूनच.

पॅक्ड_डेसिमल: कॉम्प-३ मध्ये (पॅक केलेले अंक, चिन्ह शेवटच्या निबलमध्ये) स्पेस भरल्या तर चिन्हाच्या जागी ० येतो, बेरजेत एस०सी७. कॉम्पमध्ये (बायनरी आकडा) दोन बाइट स्पेस म्हणजे सरळ १६४४८, कुठलीही तक्रार नाही. एंटरप्राइझ कोबोल ६.२ पासून टेस्ट रनला नमचेक(झोन,पॅक) लावा, तो कंपायलर पर्याय आकड्यांचे फील्ड तपासतो. लॅपटॉपवर ग्नूकोबोल असेल तर -डीबग देऊन कंपाइल करा. तिथे आस्की हा वेगळा अक्षर-कोड असल्याने ‘ओ’चे ६ होणार नाहीत.