माडीवरचा मीटर वापरात नाही, तरी दर महिन्याला बिल येतं. ठेवावा की बंद करावा?

कृष्णाकाठ_घर (प्रश्न)

सातारा जिल्ह्यात गावी दुमजली घर आहे. दोन घरगुती मीटर आहेत. खालचा सिंगल फेज, रोजच्या वापरातला. माडीवरचा थ्री फेज. भाडेकरू गेल्यापासून वर कुणी राहत नाही आणि माडीचा मेन स्विच बंद असतो. तरीही वरच्या मीटरचं बिल महिन्याला पाचशेच्या आसपास येतं. बहुतेक महिने शून्य युनिट असतात, पण मध्ये दोन बिलांत थोडी युनिटं लागली आहेत. हा मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे, आजोबा आता हयात नाहीत.

विचारायचं असं:
१. शून्य युनिटला पाचशे रुपये कसले?
२. मंजूर भार (जोडणीला कागदोपत्री मंजूर असलेले किलोवॅट) कमी करून घेतला तर बिल उतरेल का?
३. मीटर कायमचा बंद करायचा तर काय काय करावं लागतं? पुढे दोनेक वर्षांत माडी पुन्हा भाड्याने देण्याचा विचार आहे.

---

दरपत्रक_वाचक

पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहितो.

बिलात दोन तऱ्हेचे आकार असतात. वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार हे युनिटवर लागतात. युनिट शून्य तर हेही शून्य. स्थिर आकार मात्र जोडणी चालू असेपर्यंत दरमहा लागतोच. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात घरगुती सिंगल फेजला तो १२८ रुपये आणि थ्री फेजला ४२४ रुपये होता. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे थ्री फेजला ४२४ अधिक ६७.८४, एकूण ४९१.८४ रुपये. तुमचे पाचशे हेच. सिंगल फेज असता तर हाच आकडा १४८.४८ झाला असता. वीज नियामक आयोगाच्या आदेशाने दर बदलत राहतात, तेव्हा हिशेब करताना ताज्या बिलावरचा स्थिर आकार धरा.

दुसऱ्या प्रश्नात बऱ्याच जणांची गल्लत होते. घरगुती वर्गात स्थिर आकार किलोवॅटवर नाही, फेजवर ठरतो. थ्री फेजला १० किलोवॅटच्या वर भार गेला की जादा आकार लागतो, पण त्याखाली ८ चे ५ किलोवॅट केलेत तर स्थिर आकारात एक रुपयाही कमी होणार नाही. फरक पडतो तो थ्री फेजचं सिंगल फेज करून घेतल्यावर. माडीवर तीन फेजवर चालणारी पाण्याची मोटर किंवा दोन-तीन एसी नसतील, तर दोन खोल्या, पंखे, फ्रिज, एक गीझर एवढ्याला सिंगल फेज पुरतो. अर्ज भार कमी करण्याचा करायचा आणि त्यातच ‘थ्री फेजऐवजी सिंगल फेज जोडणी द्यावी’ असं स्पष्ट लिहायचं. नुसतं ‘भार कमी करावा’ लिहिलंत तर कागदावर किलोवॅट उतरतील आणि मीटर तोच राहील.

वरच्याच दरांनी वर्षाला ५,९०२ रुपयांऐवजी १,७८२ रुपये पडतील. दोन वर्षांत माडी भाड्याने द्यायची असेल तर माझं मत मीटर काढू नये, सिंगल फेज करून ठेवावा. नव्या जोडणीला पुन्हा अर्ज, सुरक्षा ठेव, जोडणी खर्च आणि परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल हे सगळं लागतं. खांब लांब असला तर खर्च आणखी चढतो.

---

वायरमन_काका

ती मधली युनिटं सोडून देऊ नका. त्यांची बहुधा दोन कारणं असतात.

एक, रीडिंग मिळालंच नसेल. बिलावर चालू रीडिंगच्या जागी काय छापलंय ते बघा. तिथे ‘लॉक’, ‘आरएनए’ किंवा ‘इनॲक्सेस’ असेल तर ते सरासरीचं बिल आहे. पुढे खरं रीडिंग गेलं की ते वळतं व्हायला हवं. मीटर जिन्याच्या आत कुलपात असेल तर हे पुन्हा पुन्हा होणार. रीडिंगच्या तारखेआधी नोंदवलेल्या मोबाइलवर संदेश येतो. रीडिंग मिळालं नाही तर ॲपवरून मीटरचा फोटो काढून स्वतः रीडिंग पाठवता येतं, पण त्याला मोजकेच दिवस मिळतात. आजोबांच्या खात्याला आज कुणाचा मोबाइल जोडला आहे हे आधी तपासा. नवा टीओडी (स्मार्ट) मीटर बसला असेल तर रीडिंग आपोआप जातं आणि कुलपाचा प्रश्न राहत नाही.

दुसरं कारण, वीज खरोखर वाहतेय. माडीचा मेन स्विच तुम्ही बंद केलात, पण मीटर खाली आणि स्विच वर असेल तर मधली केबल चालूच असते. त्या केबलला कुठे जोड मारून जिन्याचा दिवा, बोअरची मोटर, शेजारची खोली चालवली असेल, किंवा भिंतीतल्या ओलीने इन्सुलेशन गेलं असेल, तर मीटर फिरणार. तपासायची पद्धत सोपी आहे. माडीचा स्विच बंद ठेवा आणि मीटरवरचा लाल पल्स दिवा पंधरा मिनिटं बघा. मीटरवर ‘८०० इम्प/किलोवॅट-तास’ असं काही छापलेलं असतं (सिंगल फेजला बहुधा १६०० किंवा ३२००). ८०० असेल तर एक लुकलुक म्हणजे सव्वा वॅट-तास. दर ४५ सेकंदांनी एकदा लुकलुकला तर तासाला ८० पल्स, म्हणजे १०० वॅटचा भार, म्हणजे महिन्याला ७२ युनिटं. काहीच वाहत नसेल तर दिवा लुकलुकत नाही. काही मीटरवर तो भार नसताना सलग पेटलेला राहतो. त्याने युनिट पडत नाही.

लुकलुकत असेल तर मीटरच्या लगेच खालचा, तुमच्या बाजूचा कट-आउट (फ्यूज) किंवा एमसीबी (जादा भाराने आपोआप पडणारा स्विच) उतरवा. तेवढ्याने थांबला तर दोष त्या कट-आउटपासून माडीपर्यंतच्या केबलमध्ये. तरीही चालू राहिला तर मीटर तपासणीचा अर्ज द्या. मीटरवर ‘अर्थ’चा दिवा लागलेला दिसला तर बहुतेक वेळा वरच्या आणि खालच्या मजल्याचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र झालेले असतात. मीटरचं सील आणि टर्मिनलचं झाकण यांना मात्र अजिबात हात लावू नका. सील तुटलेलं सापडलं की प्रकरण छेडछाडीकडे, विद्युत कायद्याच्या कलम १३५ कडे वळू शकतं. शिवाय मीटरच्या आधीच्या, खांबाकडच्या बाजूला वीज कायम चालू असते.

---

कृष्णाकाठ_घर

माहिती फार उपयोगाची आहे, दोघांचे आभार. घरात एक मत असंही आहे की बिल भरणंच थांबवावं, आपोआप तोडून नेतील. दुसरं म्हणजे मीटर बंद करून माडीची वायर खालच्या मीटरला जोडली तर चालेल का?

---

ग्राहक_मंच_अभ्यासक

बिल भरणं थांबवू नका. हा सगळ्यात महाग मार्ग आहे.

थकबाकी राहिली की आधी विलंब आकार, मग व्याज. कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन पुरवठा तोडतात, पण ती तात्पुरती तोडणी, म्हणजे टीडी. तिने खातं बंद होत नाही. कायमची तोडणी, म्हणजे पीडी, नोंदली जाईपर्यंत रक्कम वाढत राहते. ठेव वळती करूनही जी बाकी उरते ती त्या जागेवर चिकटते. उद्या माडीसाठी नवा अर्ज केलात की ती आधी पुढे येते. घर विकलं तर नव्या मालकाकडून जास्तीत जास्त सहा महिन्यांची बाकी मागता येते, ही आयोगाच्या नियमातली मर्यादा; पण वारसाला ही मर्यादा लागू नाही. तुम्ही वारस आहात, म्हणजे संपूर्ण बाकी तुमच्यावर. २०२४ मध्ये कायम बंद ग्राहकांसाठी महावितरणची अभय योजना आली, तिच्यातही व्याज आणि विलंब आकार माफ झाला. मूळ रकमेचा बहुतेक भाग भरावाच लागला. तेव्हा ‘कधीतरी माफ होईल’ या भरवशावर राहू नये.

बंदच करायचं ठरलं तर क्रम असा ठेवा. आजोबांच्या नावावरून अर्ज करता येणार नाही, त्यामुळे मृत्यू दाखला, वारसाचा पुरावा आणि इतर वारसांचं संमतीपत्र लागेल. खरं तर आधी नावबदल करून घेणंच बरं. त्याला यू फॉर्म, वारसाची हीच कागदपत्रं आणि घरपट्टीची पावती किंवा नमुना ८ चा उतारा लागतो. असं सुचवण्यामागे सुरक्षा ठेवीचा विचार आहे. ठेव ज्याच्या नावावर, परतावा त्याच्याच नावाने निघतो, आणि मयताच्या नावाचा परतावा बँकेत अडकून बसतो. ठेवीची रक्कम बिलावरच छापलेली असते, बघून घ्या.

मग चालू महिन्यापर्यंतचं बिल भरून उपविभाग कार्यालयात पीडीचा लेखी अर्ज द्या. त्यात बारा अंकी ग्राहक क्रमांक, बिलिंग युनिट (बिलावर छापलेला कार्यालयाचा क्रमांक), मीटर क्रमांक, अर्जाच्या दिवशीचं रीडिंग आणि ठेव जमा करण्यासाठी बँक खात्याचा तपशील हवा. रद्द केलेला धनादेश सोबत लावा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून निघू नका, कारण पुढे वाद झाला तर ‘या तारखेनंतरचा स्थिर आकार लावू नये’ हे म्हणायला तोच आधार असतो. मीटर काढायला येतील त्या वेळी शेवटचं रीडिंग आणि मीटर क्रमांक एकाच फोटोत घ्या, आणि मीटर काढल्याच्या अहवालाची प्रत मागा.

काम बिघडतं ते यानंतर. भिंतीवरून मीटर गेला म्हणजे खातं बंद झालं असं आपण धरून चालतो, पण तो अहवाल संगणकात चढल्याशिवाय पीडी होत नाही. तोवर प्रणालीत खातं चालूच असतं आणि सरासरीची बिलं निघत राहतात. म्हणून पुढच्या महिन्यात ग्राहक क्रमांक टाकून संकेतस्थळावर बिल बघायचं. अंतिम बिल आलं, त्यात ठेव वळती झाली आणि उरलेली रक्कम खात्यात पडली, की काम संपलं. बिल चालूच राहिलं तर शिक्क्याची प्रत लावून आधी तक्रार निवारण कक्षाकडे, मग ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचाकडे जावं लागतं. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे अर्ज करता येतो. त्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत.

---

वायरमन_काका

माडी खालच्या मीटरला जोडण्याबद्दल. घर एकच, वापर तुमचाच आणि खालचा मंजूर भार पुरेसा असेल तर अडचण नाही. पण वरचा मीटर कागदोपत्री बंद झाल्यावरच जोडा; दोन चालू मीटरच्या वायरिंगची सरमिसळ कधीच करू नये. खालच्या बोर्डातून माडीला स्वतंत्र ४ चौरस मिमी तांब्याची वायर आणि २५ ॲम्पियरचा डबल पोल एमसीबी घ्या. फेज, न्यूट्रल आणि अर्थ तिन्ही नव्याने ओढा. जुना न्यूट्रल तसाच ठेवून फक्त फेज जोडला की खालचा ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) सारखा पडणार, आणि मग कुणीतरी आरसीसीबीच काढून टाकतं. हे घरातल्या माणसांच्या जिवाशी आहे, असं कुणाला करू देऊ नका.

थ्री फेज वायरिंग सिंगलवर आणताना माडीच्या बोर्डात तीन फेजच्या तीन पट्ट्या एकत्र जोडाव्या लागतात. त्याआधी तिन्ही गटांना वेगवेगळा न्यूट्रल आहे का ते बघा. तिघांत एकच न्यूट्रल ओढलेला असेल तर तिन्ही गटांचा प्रवाह त्या एका वायरवर येईल आणि ती तापेल.

एक हिशेबाची गोष्टही लक्षात ठेवा. दोन्ही मजले एका मीटरवर आले की युनिटं एकत्र मोजली जातात. घरगुती टप्पे ०-१००, १०१-३००, ३०१-५०० असे आहेत. खाली ९० युनिटं वापरत असाल आणि वर ६० वाढली तर वरची ५० दुसऱ्या, बऱ्याच महाग टप्प्यात जातील. भाडेकरू ठेवणार असाल तर स्वतंत्र सिंगल फेज मीटरच सोयीचा. त्याचं बिल त्याच्याकडे जातं आणि युनिटावरून वाद होत नाहीत.

---

दरपत्रक_वाचक

मीटर ठेवायचा ठरला तर खात्यात काही महिन्यांची रक्कम आगाऊ भरून ठेवता येते, त्यातून दरमहाचं बिल वळतं होतं. कागदी बिल बंद करून ई-बिल घेतलं तर गो-ग्रीनची सवलतही मिळते. आणि सिंगल फेजचा अर्ज नावबदल झाल्यावर करा. आधी केलात तर मयताच्या नावामुळे परत येईल आणि तोवर दर महिन्याला थ्री फेजचाच आकार लागत राहील.